रोकडेभाऊंचा हातगुण

कुणाच्या घरी गेलं की आपण आधी माणसांकडं बघतो, मग बसायला जागा बघतो. रोकडेभाऊ आधी पाण्याकडं बघायचे. पिंप, रांजण, हौद, गुरांची टाकी, परसातला फुटका टायर, काही म्हणजे काही सुटायचं नाही. लग्नाच्या मांडवात लोक नवरी बघायला जायचे आणि हे आचाऱ्याच्या मागची पिंपं उघडून बघायचे. स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा! व्याही हार घेऊन खाली उभे आणि मुलीचा बाप कार्यालयाच्या गच्चीवर, टाकीला झाकण का नाही म्हणून वॉचमनशी भांडत. बायको खालून हाका मारतेय, "आवं, पावणं खोळंबल्यात!" तर वरून उत्तर, "आलो! पावण्यांच्या आधी हिथं डास येऊन बसल्यात, त्यांची सोय लावतो!"

रोकडेभाऊ म्हणजे आमच्या भागातले आरोग्य सेवक. राहायला शिनोलीत, काम आमच्याकडं, महाळुंगे पडवळच्या अंगाला. मी त्याच भागातल्या चिंचमळा वाडीची आशा. आशा म्हणजे गरोदर बायकांपासून तापाच्या गोळ्यांपर्यंत सगळ्यांच्या घरी जाऊन बोलणी खाणारी बाई. त्यामुळं हिवतापाच्या कामाला आमची जोडी असायची. ते पुढं, मी मागं. त्यांच्या मोटरसायकलच्या हँडलला दुधाची किटली लटकलेली असायची. कुणी म्हणालं, "भाऊ, दूध कुठं घालायला निघाला?" की हे झाकण उघडून दाखवायचे. आत गप्पी मासे! "ही माझी माणसं," म्हणायचे. "पगार न्हाई, रजा न्हाई, मीटिंग न्हाई. डासाच्या अळ्या खात्यात आन् गप ऱ्हात्यात. शोभाताई, तुमच्यापेक्षा बरी."

नाव रोकडे आणि बोलणंही रोकडं. साठलेल्या पाण्याबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "पाणी आठवडाभर थांबलं की त्याचं बाळंतपण व्हतं." हे वाक्य ते सरपंचापुढं म्हणायचे, नव्या नवरीपुढं म्हणायचे, आणि एकदा तर कीर्तनकार महाराजांपुढं म्हणाले. मला मेलीला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. महाराज मात्र हसले आणि पुढच्या कीर्तनात तेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं.

तर पाण्याचं हे बाळंतपण टाळायचं म्हणून वरून हुकूम आला. दर शुक्रवारी घरोघर 'कोरडा दिवस' पाळायचा, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवायची. फलक लागले, भोंग्यावरून ओरडून झालं. गुरुवारी संध्याकाळी देशी दारूच्या दुकानापुढं ही गर्दी! एरवी झाडाखाली निवांत बसणारी माणसं पिशव्या घेऊन पळत होती. एक जण रोकडेभाऊंना आडवा आला. "भाऊ, मधीच कसला ओ ड्राय डे? निवडणूक लागली का?" भाऊंनी कपाळावर हात मारला. "आरं, घरातला रांजण कोरडा करायचा! तुझा घसा न्हाई!" पुढं कितीतरी दिवस आम्हाला बघितलं की पोरं ओरडायची, "बाटल्या लपवा, कोरडा दिवस आला!"

हे हसण्यावारी गेलं, पण खरी अडचण वेगळीच होती. आमच्या वाडीला नळ यायचा आठवड्यातून दोनदा. त्यातला एक गुरुवारी संध्याकाळी. म्हणजे बायांनी गुरुवारी तास-तास रांगेत उभं राहून भरायचं, आणि शुक्रवारी सकाळी आम्ही जाऊन म्हणायचं, ओता! मला तर एकीनं हंडाच दाखवला. "हा तुझ्या डोक्यावर ओतू का?" म्हणाली. तिचं काय चुकलं हो?

रोकडेभाऊंनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "हुकूम येतो पुण्यावरनं, पाणी येतं टाकीवरनं. दोघांची सोयरीक मलाच जुळवायला पायजे." नळाचा दुसरा दिवस म्हणजे बेल्ह्याच्या बाजाराचा. त्या दिवशी बापेमाणसं जनावरं टेम्पोत घालून पहाटेच बेल्ह्याला जातात, घरात जेवणाची घाई नसते, भांडी तळाला गेलेली असतात आणि संध्याकाळी नळ येणारच असतो. भाऊ थेट दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमकडं गेले. मॅडम वयानं लहान, पण डोकं जाग्यावर असलेली बाई. त्या म्हणाल्या, "वरच्यांना मी सांगते. तुम्ही लोकांना सांगा." झालं! आमच्याकडं बाजाराचा दिवस हाच कोरडा दिवस झाला. 'बापय बाजाराला, रांजण उन्हाला,' असं भाऊंनी जुळवूनसुद्धा टाकलं.

सगळंच त्यांना असं सुचायचं असं नाही हं. मच्छरदाण्या आल्या तेव्हा त्यांनी नुसता दम दिला. महिन्याभरानं फिरलो, तर एक कोथिंबिरीच्या वाफ्यावर, एक टोमॅटोच्या क्रेटवर. भाऊ चावडीपुढं उभं राहून ओरडले, "ही मच्छरदाणी हाय, टमाटूदाणी न्हाई!" त्याच आठवड्यात मी काही कामानं त्यांच्या घरी शिनोलीला गेले, तर खुराड्याला निळी कोरी मच्छरदाणी गुंडाळलेली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ह्यांच्या धाकानं घरात डास कुठाय? मुंगूस मात्र येतंय." भाऊंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच हा किस्सा घरोघर सांगायला सुरुवात केली. मग लोकही मोकळे बोलले, उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपतो, मच्छरदाणी बांधायची कशाला, आभाळाला? भाऊंनी सुताराला गाठून बाजेच्या चार खुरांना चार काठ्या ठोकून घेतल्या. तेव्हा कुठं त्या जाळ्या माणसांच्या अंगावर आल्या.

आता ठकूआत्याचं सांगते. ठकूआत्या म्हणजे माझी चुलत सासू. वाडीतलं मोठं घर, जुनी जमीनदारी, गळ्यात तुळशीची माळ आणि जिभेवर सुरी. तिच्या सुनेचं, सारिकाचं, माहेर बेल्ह्याकडचं. गुणी पोर. आदल्या वर्षी सारिकाला दिवस असताना थंडी वाजून ताप आला, रक्तात हिवताप निघाला आणि पोटातलं मूल गेलं. आत्या तेव्हा आठ दिवस चुलीजवळून हलली नव्हती. यंदा सारिकाला पुन्हा दिवस राहिले. भाऊंच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "शोभाताई, ह्या घरात यंदा ताप शिरता कामा नये. काय वाट्टेल ते झालं तरी!"

पण त्या घरात ताप शिरायच्या आधी भाऊंना शिरायला हवं ना! भाऊ बौद्ध. छप्पन सालानंतर त्यांच्या आज्यानं दीक्षा घेतलेली. हल्ली कुणी तोंडानं काही बोलत नाही. आत्याही बोलायची नाही. फक्त त्यांना चहा द्यायची तो ओट्यावर ठेवायची, हातात द्यायची नाही. आणि त्यांच्याशी बोलायची ती माझ्यामार्फत. ते समोर उभे असायचे आणि ही म्हणायची, "शोभे, त्यांना विचार काय पायजे."

पहिली लढाई गोठ्यातल्या हौदावर झाली. भाऊंनी किटली उघडली तशी आत्या कडाडली. "शोभे, सांग त्यांना! माळकरी घर हाय हे! हिथं कधी अंडं शिजलं न्हाई आन् हौदात मासं सोडत्यात व्हय?"

मी भाऊंना बाजूला घेतलं. म्हटलं, "एका वाक्याचं काम आहे. म्हणा, आजी, मासा हा देवाचा पहिला अवतार. लगेच हात जोडेल."

"ते मी म्हननार न्हाई."

"का?"

"बावीस प्रतिज्ञा हायेत ताई. अवतार मी मानत न्हाई. डासासाठी खोटं बोलू?"

"अहो, पोटुशी बाई आहे घरात!"

"म्हनून तर सोडून जात न्हाई. पन खोटं बोलनार न्हाई. दुसरं काय तरी काढतो." आणि हा गृहस्थ किटली मांडीवर घेऊन गोठ्याच्या दारात बसला! म्हैस रवंथ करतेय, हे विचार करतायत. माझा जीव टांगणीला. शेवटी मीच पदर खोचला आणि आत्यापुढं जाऊन म्हणाले, "आत्या, मच्छ अवतार दारात आलाय आणि तुम्ही परत लावताय?" आत्यानं डोळे बारीक केले. किटलीकडं बघितलं, सारिकाच्या पोटाकडं बघितलं. मग हौदाच्या कडेला हळदकुंकू वाहिलं आणि आत गेली. भाऊंनी मासे सोडले. म्हणाले, "तुमी म्हनाला, मी न्हाई. ध्यानात ठेवा."

दुसरी लढाई मात्र वेगळी होती, आणि ती आठवली की अजून माझं डोकं तापतं. पडवीत पिण्याच्या पाण्याचा रांजण. भाऊंनी टॉर्च मारला, आत अळ्या वळवळताना दिसल्या. त्यांनी हात घालून वाटीभर पाणी काढलं आणि आत्याला दाखवलं. आम्ही बाहेर पडलो, फाटकापाशी आलो, आणि मागं भडाभडा पाणी ओतल्याचा आवाज आला. अळ्यांसाठी ओतलं नव्हतं ते. मला कळलं, त्यांनाही कळलं. माझे कान लाल झाले.

भाऊ हसून म्हणाले, "ऐकलं का ताई? रिकामा झाला. काम झालं." हसले खरे, पण मोटरसायकलला किक मारताना त्यांचा पाय दोनदा सटकला.

मी उलट्या पावली गेले आणि आत्यावर तुटून पडले. "आत्या, हे बरं दिसतं का?" तर म्हातारी कशी बिलंदर! रांजण घासता घासता म्हणाली, "म्यां काय केलं? तुझ्याच सरकारनं सांगितलंय ना, पाणी ओता म्हनून?" कप्पाळ माझं!

पुढच्या बाजाराच्या दिवशी भाऊ बरोबर त्याच घरी आले. टॉर्च मारला, रांजणात एक बोट बुडवलं, आणि चालू लागले. मागं भडाभडा! त्याच्या पुढच्या बाजारालाही तेच. पाऊसकाळ सुरू झाला तरी एक बाजार चुकवला नाही. मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला राग येत नाही?"

"येतो की. न यायला मी काय दगड हाय? आमच्या आज्याला ह्याच वाडीत वरनं ओंजळीत पाणी घालायचे. आज त्याचा नातू सरकारी हुकमानं ह्यांच्या रांजणात हात घालतो. आज्यानं बघितलं असतं तर हसून हसून मेला असता." मग म्हणाले, "मी राग धरत बसलो तर डास सुटतो, ताई. आधी डास. रागाचं बघू मागनं."

आणि गंमत बघा. मोठ्या घरी दर बाजाराला रांजण पालथा पडतोय हे आळीनं बघितलं. का पडतोय ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण ठकूआत्या करते म्हणजे त्यात काहीतरी असणार! शेजारणीनं ओतायला सुरुवात केली, तिचं बघून तिच्या जावेनं. भोंग्यानं जमलं नाही ते म्हातारीच्या सोवळ्यानं जमलं. आळीत त्या पावसाळ्यात ताप कमी झाला. महिन्याच्या बैठकीत डॉक्टर मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "रोकडे, चिंचमळ्यात लोक ऐकत नव्हते. तुम्ही काय जादू केलीत?"

भाऊ उठून उभे राहिले. माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "हातगुण, मॅडम." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडावं का हसावं कळेना. मी नाक शिंकरायचं निमित्त करून बाहेर गेले.

पाऊस उतरणीला लागला आणि एका दुपारी आत्याचा मुलगा धावत माझ्याकडं आला. सारिकाला थंडी वाजून ताप भरला होता. सातवा महिना. मी भाऊंना फोन केला. ते कुठल्या तरी शेतात होते, तसेच चिखलाच्या पायानं आले आणि सवयीनं ओट्यापाशी थांबले. आत्या दारात उभी होती. तिच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. आणि आजवर जे घडलं नव्हतं ते घडलं. माझ्याकडं न बघता ती थेट त्यांना म्हणाली, "भाऊ, आत या. लवकर या."

भाऊ माजघरात गेले. सारिकाचं बोट हातात धरलं, टोचलं, रक्ताचा थेंब तपासायच्या पट्टीवर घेतला. पट्टीवर एकच रेघ उमटली तर हिवताप नाही, आणखी रेघ आली तर आहे. पट्टी पाटावर ठेवली आणि आम्ही सगळे भोवती बसलो. सारिका मला विचारत होती, "ताई, मागल्यागत तर न्हाई ना व्हनार?" मी तिचा दुसरा हात धरला. भाऊ पाटावर वाकून पट्टीकडं बघत होते. एक रेघ आली. दुसरी येतेय का, येतेय का... आली नाही.

"हिवताप न्हाई," भाऊ म्हणाले. "काचेवरबी रक्त घेतो, दवाखान्यात खात्री करू. आन् हिला आत्ताच मॅडमना दाखवायचं, दुसरा कसलाबी ताप असंल." आत्या मटकन खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. सारिकाला लघवीचा जंतुसंसर्ग निघाला, औषधानं उतरला. काचही साफ आली. दिवाळीनंतर तिला मुलगी झाली, गुटगुटीत. बारशाला आत्या मला म्हणाली, "त्या भाऊंचा हातगुण हाय गं." मी म्हटलं, "हे त्यांना सांगा, मला कशाला?" तर पाळण्याची दोरी ओढत बसली.

पुढच्या पावसाळ्यात भाऊ निवृत्त झाले. त्यांची शेवटची फेरी नेमकी बाजाराच्या दिवशी आली. डॉक्टर मॅडमनी दवाखान्यात शाल-नारळाचा बेत केला होता, पण हे म्हणाले, "आधी फेरी, मग नारळ." ठकूआत्याच्या घरी गेलो. मुलगी पडवीत रांगत होती. भाऊंनी टॉर्च मारला, बोट बुडवलं आणि निघाले. फाटकापाशी आलो तशी सवयीनं आम्ही दोघंही थांबलो.

आवाज आला नाही.

आम्ही वळून बघितलं. आत्या रांजणाशी उभी होती. तिनं तांब्या बुडवला आणि आमच्याकडं बघत घटाघटा पाणी प्यायली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मला वाटलं, आता भाऊंच्या डोळ्यांत पाणी येईल. कसलं काय! हा माणूस ताडताड मागं गेला.

"आजी, पानी ओतलं न्हाई?"

"न्हाई. आता न्हाई ओतायची. तुमी हात लावल्यालं पानी ह्या घरात परत कधी ओतायचं न्हाई."

"आवं पन आज कोरडा दिवस हाय!"

"आसंल." आत्यानं तांब्या खाली ठेवला. "म्यां लई वंगाळ वागले तुमच्याशी. आज तुमचा शेवटचा दिवस, म्हनून म्यां..."

"ते सगळं खरं," भाऊ म्हणाले. त्यांनी रांगणाऱ्या पोरीकडं बोट केलं. "माझ्यापायी ओतू नका. माझ्यापायी पुन्यांदा कधीच ओतू नका. पन हिच्यापायी दर बाजाराला ओता. मी असलो तरी, नसलो तरी."

आत्यानं पोरीकडं बघितलं. मग म्हणाली, "मंग आधी तुमी प्या." तिनं तांब्या भरून पुढं केला. भाऊंनी तो घेतला आणि वरून न ओतता, तोंड लावून सगळा प्यायला. मग दोघांनी दोन बाजूंनी रांजण धरला आणि कलता केला. पाणी अंगणातून वाहत पेरूच्या झाडाकडं गेलं. पोरगी त्यात हात आपटायला लागली. भाऊंची नवी इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत भिजली, दवाखान्यात शाल-नारळ वाट बघत होते, आणि हे रांजणात खांद्यापर्यंत शिरून तळ चाचपत होते.

"आजी," आतून घुमल्यासारखा आवाज आला, "काथ्या द्या."

आत्यानं चुलीपासून काथ्या आणला. मला वाटलं, ओट्यावर ठेवेल. तिनं तो त्यांच्या हातात दिला.